लेसिंगच्या पट्ट्या कापायच्या नसतात

काल भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, पाइप न्यायचाय, कॉलमच्या दोन पट्ट्या कापल्या तर चालेल ना?" पोरगा साइटवर सुपरवायझर आहे, त्यामुळे वाचून डोकंच फिरलं. मेसेज म्हणतो की दोन चॅनेल (स्टीलचे पन्हाळीसारखे लांब सेक्शन) जोडून केलेल्या कॉलममध्ये लोड फक्त चॅनेल घेतात, तिरक्या पट्ट्या, म्हणजे लेसिंग, नुसत्या धरून ठेवायला असतात. शिवाय चॅनेल जितके दूर तितकी ताकद जास्त, आणि भारी ग्रेडचं स्टील वापरलं की बकलिंग, म्हणजे दाबाखाली बाजूला वाकून निकामी होणं, विसरा.

पट्ट्यांचं आधी. कुठलाच कॉलम दोरीत सरळ नसतो, लोड आला की किंचित वाकतो, आणि वाकला की दोन्ही चॅनेल एकमेकांशी समांतर सरकायला बघतात. ते सरकणं अडवतं लेसिंग. म्हणून तर आयएस ८००, म्हणजे स्टीलच्या बांधकामाचं भारतीय मानक, सांगतं की कॉलमवरच्या लोडच्या किमान २.५ टक्के आडवा शिअर, म्हणजे आडवं बळ, धरून लेसिंग डिझाइन करा, म्हणजे १०० टनाला अडीच टन, आणि हे म्हणे नुसतं धरून ठेवायला! शिवाय पट्टी कापली की तिथे एकट्या चॅनेलची मोकळी लांबी वाढते. लांबी दुप्पट झाली तर ऑयलरच्या सूत्राने तेवढ्या तुकड्याची बकलिंगची ताकद चौथाईवर येते.

कॅनडातला क्वेबेक पूल २९ ऑगस्ट १९०७ ला बांधता बांधता कोसळला, ७५ कामगार गेले. चौकशी आयोगाने बोट ठेवलं ते खालच्या कॉर्डच्या, म्हणजे पुलाच्या सांगाड्याच्या खालच्या कडेच्या, दाबातल्या मेंबरवर, त्याचं लेसिंग कमजोर होतं. मेंबर वाकलेले आधीच दिसले होते, मापंही घेतली होती, तरी काम वेळेत थांबलं नाही. पट्ट्यांना काही काम नसतं म्हणणाऱ्याने हा एक पूल तरी वाचावा.

चॅनेल दूर ठेवल्याने ताकद वाढते हे खरंय, मान्य, पण पट्ट्या मजबूत असतील तरच, नाहीतर ते दोन सुटे चॅनेल. ग्रेडचं तर अर्धंच खरं. आखूड जाड कॉलमला फायदा होतो, लांब सडपातळ कॉलमला जवळजवळ नाही, कारण त्याचं बकलिंग ठरतं स्टीलच्या ई वर, म्हणजे ताठपणाच्या आकड्यावर, आणि ग्रेड २५० काय नि ३५० काय, तो ई साधारण २ लाख मेगापास्कलच राहतो.

भाच्याला सांगितलं, पाइप वळवून ने. आणि कुणी पट्टी कापलीच असेल तर लोड असलेल्या कॉलमवर वेल्डिंग करत बसू नका, आधी टेकू लावा आणि डिझायनरला बोलवा.