जाणकारांच्या उजेडात

नाणेसंग्राहकांच्या मेळाव्यात माझ्या नाण्यापुढे मी स्वहस्ते लिहून ठेवलेली ‘टांकसाळीतील चूक’ ही चिठ्ठी कोणीतरी उलटी केली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर ‘खराब’ असे लिहून ठेवले. झाले ते मी विसरलो आहे, असे मी सर्वांना सांगत असतो. ते खरे नाही.

माझ्या नाण्याच्या कडेचा एक गोलाकार घास गायब आहे. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर नवी चकती आधीच्या छिद्रावर चढते आणि तेवढा तुकडा तिला जन्मतःच मिळत नाही. पुढे चकतीची कड उचलण्याच्या वेळी या तुटक्या बाजूकडून दाब येत नाही, म्हणून तिच्या बरोबर समोरची कडही अर्धवटच उठते. चूक अस्सल असल्याची ही मोठी खूण, कारण घरी बसून तुकडा कापणाऱ्याला समोरची कड बसवण्याचे सुचत नाही. हे सर्व मी पाठ करून गेलो होतो आणि कोणीतरी विचारील म्हणून वाट पाहत होतो.

विचारले ते गळ्यात दोन भिंगे अडकवलेल्या एका गृहस्थांनी. ही भिंगे अखेरपर्यंत गळ्यातच राहिली. नाणे कडेने धरावे हा संकेत बाजूला सारून त्यांनी ते अंगठ्याने चांगले चोळले, मोबाईलच्या कॅमेऱ्याखाली धरले आणि आजूबाजूचे लोक जमेपर्यंत थांबून निकाल दिला, “कातरीने कापले आहे.”

“समोरची कड पाहा, ती नीट उठलेली नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे तिथेही कापायला घेतले होते.”

“कापले असते तर अक्षरे तुटलेल्या रेषेपर्यंत ठळक राहिली असती. येथे ती घासाजवळ येता येता पसरट होऊन विरली आहेत.”

“म्हणजे कातर बोथट होती,” ते म्हणाले, आणि जमलेल्यांपैकी एकाने ‘बोथट’ हा शब्द वहीत टिपून घेतला.

त्यानंतर त्यांनी खिशातून मखमली डबी काढून स्वतःचे ‘दुहेरी ठशाचे’ नाणे दाखवले. खऱ्या दुहेरी ठशात दोष ठशातच, म्हणजे नाण्यावर छाप मारणाऱ्या साच्यातच असतो. तो ठसा तयार होत असताना त्यावर मूळ आकृती जरा सरकून दोनदा उमटलेली असते. त्यामुळे अक्षरांच्या दोन्ही प्रतिमा पूर्ण उठावाच्या असतात आणि टोकांना खाच दिसते. 1955 सालच्या अमेरिकी एक सेंटच्या प्रसिद्ध नाण्यावरील दुहेरी सालसंख्या तर भिंगाशिवाय वाचता येते. या गृहस्थांच्या नाण्यावर मात्र अक्षरांच्या बाजूला एक सपाट पायरी होती आणि मूळ अक्षर तेवढेच बारीक झाले होते. छाप मारताना ठसा सैल बसलेला असेल आणि किंचित हलला, तर तो उठलेला धातू असा चेपतो. अशी नाणी पुष्कळ सापडतात.

मी हे सांगू लागताच त्यांनी मला “तुम्ही नवीन दिसता” असे म्हणून 1922 सालचा दाखला दिला. त्या वर्षी अमेरिकेत एक सेंटची नाणी केवळ डेन्व्हर येथे पाडली गेली, तरीही काहींवर डेन्व्हरच्या टांकसाळीची खूण असलेले ‘डी’ हे अक्षर दिसत नाही. ठशांची झीज, त्यांत साचलेली घाण आणि घासकाम यांचा हा परिणाम. दाखला बिनचूक होता, पण त्याचा त्यांच्या नाण्याशी काही संबंध नव्हता. शिवाय त्या नाण्यांतही मागची बाजू ठसठशीत असलेल्या प्रकाराला खरा मान मिळतो, म्हणजे तेथेही बारकाईने पाहावेच लागते. आणि पाहण्याचीच तर कोणाला सवड नसते. ठसा वापरून वापरून थकला की अक्षरे कडेकडे ओघळतात, सपाट भाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो, तरी असे प्रत्येक नाणे ‘दुर्मिळ’ म्हणून हातोहात फिरते. लोखंडी पकडीत दोन नाणी आवळून उलटी, खोल अक्षरे उमटवणारे उद्योगी लोकही टांकसाळीच्या नावावर खपतात. चिडचीड होते ती याची, की टांकसाळीची खरी चूक मात्र पुरावे देत बसते.

शेवटी त्या गृहस्थांना डबीतल्या नाण्याचे छायाचित्र घ्यायचे होते आणि त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी मलाच विजेरी धरायला सांगितली. मी ती मुद्दाम अगदी आडवी धरली, कारण आडव्या उजेडात सपाट पायरी लपून राहत नाही. ती लख्ख दिसली.

“पाहिलीत दुसरी छाप?” ते सर्वांना म्हणाले. “यांच्या उजेडात तर आणखीच स्पष्ट झाली.”

लोकांनी त्यांचे अभिनंदन केले आणि वहीवाल्याने मला विजेरी जरा स्थिर धरण्याची सूचना केली.