आधी यंत्र घ्या, गरज मागाहून काढू

हायब्रिड लॅपटॉप (कधी लॅपटॉप, कधी टॅबलेट होणारा) घ्यावा की छोटा टॅबलेट, असा प्रश्न पडला की साधी माणसं आपण दिवसभर काय काम करतो ते आठवू लागतात. इथेच चुकतं. आपण काय करतो याला काडीची किंमत नाही, आपण काय करणार आहोत ते बघायचं. पहाटे उठून कादंबरी लिहिणार, प्रवासात स्केचेस काढणार, बागेतल्या बाकावर बसून अहवाल हातावेगळे करणार. खरेदी या भावी माणसासाठी करा. हप्ते सध्याचा भरेलच.

भावी माणसाला शोभतो तो पडदा सुटा होणारा हायब्रिड. वजन ८००-९०० ग्रॅम लिहिलेलं असतं, ते नुसत्या पडद्याचं. कीबोर्डचे साधारण ३०० ग्रॅम आणि वर चार्जर धरला की हिशेब पातळ लॅपटॉपपाशीच येतो. कीबोर्ड आणि पेन बऱ्याचदा वेगळे विकत घ्यावे लागतात. जाहिरातीतल्या फोटोत ते जोडलेले असतात, तेवढ्यावर समाधान माना.

हा हायब्रिड मांडीवर घेऊन टाइप करा, मजा येते. साध्या लॅपटॉपची बॅटरी आणि बोर्ड कीबोर्डखाली असतात, म्हणून तो बूड टेकून बसतो. इथे सगळा ऐवज पडद्यामागे आणि आधाराला मागची घडीची पट्टी. पट्टीपासून कीबोर्डच्या पुढच्या कडेपर्यंत जवळजवळ फूटभर जागा लागते. मांडी तेवढी लांब नसेल तर पट्टी गुडघ्यावरून सटकते आणि पडदा उताणा पडतो. यंत्राला दोष देऊ नका, मांडी कमी पडली.

दुसरा प्रकार ३६० अंशांत उलटणारा. १४ इंची, दीड किलोच्या आसपास. उलटून टॅबलेट केला की कीबोर्ड पाठीमागे जातो. बटणं बंद होतात, पण बोटांना टोचायची थांबत नाहीत. अरुंद टेबलावर तंबूसारखा उभा करून सिनेमा बघायला तो खरंच झकास आहे, मात्र तेवढ्यासाठी घेतला असं कुणापाशी कबूल करू नका.

प्रोसेसर आर्मचा (मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा) आहे का, हे विचारून विक्रेत्याचा मूड घालवू नका. विंडोजचे बहुतेक जुने प्रोग्रॅम त्यावर इम्युलेशनने, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून, चालतात. अडतो तो ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम, कारण त्याला इम्युलेशन लागू पडत नाही. तो आर्मसाठीच लिहिलेला लागतो. त्यामुळे घरातला जुना स्कॅनर किंवा डिजिटल सहीचं टोकन बऱ्याचदा चालत नाही. ते बहुधा शेवटच्या तारखेच्या रात्री कळतं.

एवढं वजन नको असेल तर ८ इंची टॅबलेट घ्या आणि ऑफिसच्या सगळ्या पीडीएफ त्यावर वाचा. ए४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर, आणि लांबी-रुंदी १६:१० असलेला हा पडदा उभा धरला की मिळतात जेमतेम १०८. पान निम्म्यावर येतं, ११ पॉइंटचं अक्षर साडेपाचचं होतं. चिमटीने मोठं करा, ओळ संपेपर्यंत सरकवा, पुन्हा डावीकडे या, आता कुठली ओळ ते शोधा. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलमध्ये मजकूर पडद्याप्रमाणे बसतो, म्हणून ३०० ग्रॅमचा टॅबलेट एका हातात धरून लोळत कथा वाचणारे लोक सुखी दिसतात. त्यांच्या नादी लागू नका. तुम्हाला त्यावर मॅक्रोवाली (आपोआप कामं करणाऱ्या आज्ञा भरलेली) एक्सेल चालवायची आहे. फाइल उघडेल, मॅक्रो चालणार नाहीत.

रॅम ३ जीबीची बघा, स्वस्त पडते. अर्ज भरता भरता ओटीपी बघायला मेसेजमध्ये जा, परत या: मेमरी कमी पडली म्हणून ब्राउझरने पान नव्याने लोड केलेलं, अर्ज कोरा. सिनेमासाठी घेताय तर वाइडवाइन (सिनेमांची चोरी रोखणारी व्यवस्था) एल१ दर्जाची आहे की एल३, हेही तपासू नका. एल३ असेल तर पडदा कितीही चांगला असो, बहुतेक सेवा एचडी देतच नाहीत.

पेन मिळेल ते उचला, दिसतात सगळी सारखीच. एमपीपी आणि यूएसआय या पेनांच्या दोन वेगळ्या पद्धती; एमपीपीचं पेन यूएसआयच्या पडद्याला ओळख देत नाही, आणि ॲपल पेन्सिल आयपॅडबाहेर कुणाशी बोलत नाही. टाइप-सीचंही तसंच. छिद्र तेच, पण आत चित्र न नेणारं जुनं यूएसबी २.० असेल तर केबल जोडूनही मॉनिटर काळाच राहतो. टॅबलेटचा १५ वॉटचा चार्जर हायब्रिडला लावला की बघत राहा: चार्जिंगचं चिन्ह चालू, टक्के खाली.

मूळ चार्जर मिळाला की तो मग कधीच काढू नका. सतत १०० टक्के आणि वर उष्णता, या दोन्हींनी लिथियम-आयन बॅटरी लवकर थकते, कधी फुगतेही. सुट्या पडद्याच्या हायब्रिडमध्ये ती पडद्याला चिकटून असल्याने काच एका कडेने वर येऊ लागते. बऱ्याच यंत्रांत ८० टक्क्यांवर थांबायची सोय सेटिंग्जमध्ये असते. तिकडे फिरकू नका; आणि काच उचललेली दिसली की बोटाने दाबून बसवू नका, एवढं मात्र खरोखरच ऐका. बंद करा, चार्जर काढा आणि दुरुस्तीला द्या.