ओढा धरून खाली उतरू नका

पहिला पाऊस पडला की ट्रेकच्या ग्रुपांवर एक जुना मेसेज नव्याने फिरायला लागतो. जंगलात वाट चुकली तर काय करायचं, याची यादी. ओढ्याच्या काठाने खाली चालत राहा, गाव लागतंच. झाडावरचं शेवाळ उत्तर दिशा दाखवतं. फोनची बॅटरी संपत आली तर व्हॉइसमेलचा संदेश (फोन लागला नाही की समोरच्याला ऐकू येणारा) बदलून आपला ठावठिकाणा सांगून ठेवा. बांबू घासून आग करा, थंडी वाजली तर दोन घोट ब्रँडी घ्या, वाहतं पाणी बिनधास्त प्या, साप चावला तर आवळून बांधा आणि चिरा देऊन विष शोषून काढा. शेवटी 'सर्व्हायव्हल किट' आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र विकत घेण्याची शिफारस. यातलं बरंच परदेशी जंगलांवरच्या लेखांतून उचललेलं आहे. जून ते सप्टेंबरच्या सह्याद्रीत यातले दोन-तीन सल्ले माणसाला मरणाच्या दारात नेऊन ठेवतील, म्हणून हे उत्तर.

सर्वांत घातक सल्ला ओढ्याचा, त्यामुळे तो आधी. 'पाणी गावाकडे जातं' हे सपाटीवर खरं आहे. सह्याद्री मात्र लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारा प्रत्येक ओढा या पायऱ्यांवरून उड्या टाकतच जातो. वाट चुकलेला माणूस ओढ्यात शिरतो, आठ-दहा फुटांचा पहिला टप्पा बसून, घसरत उतरतो. पुढचा टप्पा शंभर फुटांचा निघतो. आता खाली जाता येत नाही, आणि शेवाळलेल्या ओल्या कातळावरून मागे चढताही येत नाही. अशा जागी अडकलेल्याला काढायला बचाव पथकाला वरून दोर लावावा लागतो, त्यात अख्खी रात्र जाते.

दुसरी गोष्ट पाण्याची. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर माथ्यावर पाऊस झोडपत असू शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यावर एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती प्रवाह असा अचानक वाढल्यामुळेच. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहत यायला लागला, आवाज जड झाला, की सामान उचलायलाही न थांबता काठाच्या वर, आडव्या दिशेने निघा. शिवाय घळीत फोनला रेंज नसते, आणि पाण्याच्या आवाजात तुमची शिट्टी पन्नास पावलांवर ऐकू जात नाही. म्हणजे शोधणारे वरून निघून जातील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

मग करायचं काय? थांबायचं. जिथे शेवटची खूण नक्की दिसली होती, रंगवलेला बाण, दगडांची रास, मंदिर, टाकं, तिथपर्यंत आल्या वाटेने मागे जायचं. पंधरा-वीस मिनिटांत ती जागा सापडली नाही तर आणखी भटकायचं नाही. गुरांच्या वाटांवर भरवसा ठेवू नका. त्या फुटत फुटत जातात आणि गवतात विरून जातात. कारवीची झुडपं पावसाळ्यात डोक्याच्या वर जातात, आत शिरलं की पाच फुटांवरचं दिसत नाही. अंधाराला दोन तास उरले असतील तर वाट शोधणं बंद आणि निवारा उभा करणं सुरू. पुणे-मुंबईच्या आसपास शोधाला जाणारी माणसं, लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र असो किंवा महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमार्फत येणारे गिर्यारोहक असोत, तुमच्या शेवटच्या कळलेल्या ठिकाणापासून शोध सुरू करतात. तुम्ही जितके लांब जाल, तितकं त्यांना धुंडाळायचं रान वाढतं.

शेवाळाचं लवकर आटपू. पावसाळ्यात सह्याद्रीत शेवाळ झाडाच्या चारही बाजूंना, दगडावर आणि चार दिवस न हलवलेल्या बुटावरही उगवतं. त्यावरून उत्तर दिशा काढणं म्हणजे नाणं उडवणं. साधं होकायंत्र ठेवा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एक अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, त्यामुळे दुरुस्तीची भानगड नाही. एकच काळजी: आपला बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, लोहयुक्त आहे, काही कातळांजवळ सुई भरकटते. होकायंत्र दगडावर टेकवून वाचू नका. छातीच्या उंचीवर धरा, दहा पावलं सरकून पुन्हा वाचा. दोन्ही वाचनं जुळली तरच खरं मानायचं.

व्हॉइसमेलचा सल्ला वरकरणी हुशार वाटतो, म्हणूनच तो इतका फिरतो. आपल्याकडे बहुतेकांच्या नंबरावर व्हॉइसमेल चालूच नसतो. फोन करणाऱ्याला 'बंद आहे' किंवा 'संपर्क क्षेत्राबाहेर आहे' एवढंच ऐकू येतं. आणि संदेश बदलायलाही रेंज लागते. ती असेल तर सरळ ११२ हा आणीबाणीचा नंबर लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीची असली तरी ११२ चा कॉल त्या टॉवरवरून जाऊ शकतो, म्हणून 'नो सर्व्हिस' दिसलं तरी प्रयत्न करून बघायचा. कुठलाच टॉवर पोहोचत नसेल तर मात्र ११२ सुद्धा लागत नाही; '११२ नेटवर्कशिवाय चालतं' हा दावा त्याच मेसेजचा धाकटा भाऊ.

कॉल टिकत नसेल तर एसएमएस. रेंज क्षणभर आली तरी तो निघून जातो. जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही, बहुतेक फोनांत ते विमान मोडमध्येही चालतं. फक्त उघड्या आभाळाखाली उभं राहा आणि ठिकाण पकडायला काही मिनिटं द्या. होकायंत्राच्या किंवा नकाशाच्या ॲपमधले अक्षांश-रेखांश दशांशाच्या चार स्थळांपर्यंत लिहिले की साधारण अकरा मीटरची अचूकता मिळते. मेसेजमध्ये एवढंच: अक्षांश-रेखांश, किती जण, कोणाला काय लागलंय, बॅटरी किती टक्के, आणि 'आम्ही इथून हलत नाही'. दोन वेगवेगळ्या माणसांना पाठवा. मग विमान मोड. ठरलेल्या वेळी, समजा दर तासाला पाच मिनिटं, फोन चालू करायचा आणि तेही मेसेजात कळवायचं. थंडी-ओलीत बॅटरी लवकर पडते. फोन पिशवीत गुंडाळून आतल्या खिशात.

आता बांबू आणि ब्रँडी. हवेत नव्वद टक्के आर्द्रता असताना बांबूवर बांबू घासून ठिणगी काढणं सरावलेल्या माणसालाही जड जातं. तुम्हाला त्यातून फक्त घाम मिळेल, आणि भिजलेल्या माणसाला घाम परवडत नाही. दोन लायटर, दोन वेगळ्या झिप पिशव्यांत. पेटवण म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या: ओल्या झाल्या तरी पुसून पेटतात, धूर काळा येतो पण ज्योत टिकते. किंवा व्हॅसलीन चोळलेले कापसाचे बोळे, एकेक चार-पाच मिनिटं जळतो. कापूरही चालतो, पण वाऱ्यात भसकन संपतो.

आणि आग लावण्याआधी वर बघा. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर त्याच्याखाली धूर करणं म्हणजे आपल्या हाताने माशा उठवणं. माशा उठल्याच तर झटकत बसू नका. रेनकोट डोक्या-तोंडावर ओढून लांब निघा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत. तिथे हौसेची शेकोटी हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे.

मुळात पावसाळ्यात जीव आगीवर अवलंबून ठेवायचाच नाही. माणूस गारठतो तो ओलीने आणि वाऱ्याने. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढतं, त्यामुळे वीस अंश तापमानातही भिजलेला, दमलेला, जीन्स घातलेला माणूस गारठून बेशुद्ध होऊ शकतो. आधी थरथर, मग बोटांनी चेन लावता येत नाही, जीभ अडखळते, पाय भेलकांडतात. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला तर तो बरा होत नाहीये, हातचा जातोय. ब्रँडीने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर उबदार वाटतं आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते. वर शुद्धही ढळते. दारू नको. ओले कपडे उतरवा, कोरडा थर, टोपी, अंगाखाली काहीतरी, आणि शुद्धीत असेल तर गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की.

निवाऱ्याला आठ बाय दहा फुटांची, १२० जीएसएमची (चौरस मीटरला १२० ग्रॅम) ताडपत्री घ्या. वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास, दोघांना पुरते. सोबत चार मिलिमीटरची पंधरा मीटर दोरी. दोन झाडांमध्ये दोरी कमरेच्या उंचीला ताणा, त्यावर ताडपत्री टाका, पश्चिमेची बाजू थेट जमिनीला टेकवा, कारण पावसाळी वारा तिकडूनच येतो. डोक्याच्या उंचीला बांधलेली ताडपत्री म्हणजे शीड. पहिल्या झोतात फाटते. स्वस्त ताडपत्रीच्या कोपऱ्यातल्या पितळी कड्या ओढ बसली की उपटून येतात. कडीऐवजी कोपऱ्यात लिंबाएवढा गोल गोटा ठेवा, कापड त्यावर मुडपून गळ्याशी दोरी आवळा. ही पकड सुटत नाही. दोरीवरून पाणी ओघळत आत येतं, तर झाड आणि ताडपत्री यांच्या मधे दोरीला एक चिंधी बांधा. थेंब तिथूनच खाली पडतात. नायलॉन भिजल्यावर सैल पडतं, अर्ध्या तासाने पुन्हा ताणा.

जागा निवडताना तीन ठिकाणं टाळा: ओढ्याचं पात्र, कड्याचा पायथा, आणि डोंगराची उघडी धार. इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. डोंगर पाणी पिऊन फुगलेला असताना त्याच्या पायाशी झोपायचं नसतं.

वाहत्या पाण्याबद्दल थोडं. वर गुरं चरतात, वाडी असते, मेलेलं जनावर असू शकतं. पाणी खळाळतं म्हणून त्यातले जंतू मरत नाहीत. आधी दुहेरी धोतराच्या किंवा ओढणीच्या कापडातून गाळा, गढूळ असेल तर निवळू द्या, कारण गाळ असला की क्लोरीन त्यावरच खर्ची पडतं. मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटरचं आहे, त्यामुळे उंचीसाठी जास्त उकळायची गरज पडत नाही. उकळता येत नसेल तर क्लोरीनची गोळी, वेष्टणावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि किमान अर्धा तास थांबून. एक गोळी किती लिटरला ते ब्रँडप्रमाणे बदलतं. वीस लिटरची गोळी एक लिटरच्या बाटलीत टाकणारे महाभाग असतात.

सापाच्या बाबतीत मेसेजमधलं एकही वाक्य पाळू नका. चिरा दिल्याने जखम वाढते, आणि घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नसल्याने ती वाहतच राहते. शोषून विष निघत नाही. आवळून बांधलेल्या दोरीने खालचा भाग मरू शकतो. अंगठ्या, कडं, घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला किंवा काठीला बांधून हाडमोडीसारखा स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका, झोळी करून खाली आणा आणि १०८ च्या रुग्णवाहिकेला कळवा. साप पकडायला जाऊ नका. दुसरा रुग्ण तयार होतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही जातींवर एकत्रच चालतं, डॉक्टर लक्षणं बघून देतात. मण्यारचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो, दुखत नाही, खूणही दिसेल असं नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, गिळता येत नाही अशी तक्रार आली तर ती अपचनाची समजू नका. म्हणून ताडपत्रीखाली उघड्यावर झोपताना मच्छरदाणी मॅटच्या खाली खोचून घ्या.

राहिला किटचा विषय. 'छत्तीस वस्तू एकात' अशा डब्यांमध्ये वायरची करवत असते जी दहाव्या ओढीला तुटते, बटणाएवढं होकायंत्र असतं जे हलतच नाही, आणि पॅराकॉर्डचं, म्हणजे बारीक नायलॉन दोरीचं विणलेलं, कडं असतं. त्यातून जेमतेम तीन मीटर दोरी निघते, ताडपत्रीला उपयोगी. तिच्यावर माणूस लोंबकळवायचा नाही. चंदेरी 'इमर्जन्सी ब्लँकेट' ५०-६० ग्रॅमचं, ठेवायला हरकत नाही, पण ओल्या जमिनीकडे जाणारी ऊब ते अडवत नाही. खाली फोमची मॅट हवीच. त्यापेक्षा कचऱ्याच्या दोन मोठ्या जाड पिशव्या जास्त कामाच्या: एकीत कमरेपर्यंत पाय, दुसरी डोक्यावरून, तोंडाला मोठं भोक पाडून. हेडटॉर्च आणि जादा सेल. मणी नसलेली प्लास्टिकची शिट्टी, कारण मण्याची ओली झाली की अडकते: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत; उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. रेनकोट काळा किंवा हिरवा घेऊ नका, भगवा घ्या.

उपग्रहावरचं यंत्र मात्र ऑनलाइन मागवण्याआधी थांबा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते भारतात बाळगणं बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये एका कॅनेडियन धावपटूला याच कारणाने गोव्याच्या विमानतळावर अडवलं गेलं होतं. त्याऐवजी फुकटातला उपाय: पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे गाडी लावता त्या मामांना, आणि घरी एकाला, वाट कुठली आणि किती वाजेपर्यंत परतणार ते सांगा. 'सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळवा' असं नेमकं.

आणि हे सगळं सॅकमध्ये भरण्याआधी एकदा गच्चीवर, पाऊस चालू असताना, हेडटॉर्च लावून ताडपत्री उभी करून बघा. झाडांऐवजी पाण्याच्या टाकीचे पाइप. ओल्या बोटांनी गाठ पहिल्याच खेपेला बसत नाही, गोटा हातातून निसटतो, दोरीचा गुंता होतो. वीस मिनिटांच्या आत पाठ कोरडी ठेवणारं छप्पर झालं नाही, तर पुढच्या शनिवारी पुन्हा गच्चीच.