तात्या, "दिसताक्षणी गोळी" असा कायदा नाहीये

काल सकाळी तात्यांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, खाली हात जोडलेले दोन इमोजी. तात्या म्हणजे माझे वडील, सातारा पोलिसात हवालदार होते, आता रिटायर आहेत. मेसेज मुंबईतल्या पवईच्या ओलीस प्रकरणावरून सुरू होतो आणि थोडक्यात असा: ओलीस धरणाऱ्याला दिसताक्षणी गोळी घालायचा पोलिसांना कायद्यानं पूर्ण अधिकार आहे, बोलणी करणं हा भेकडपणा, परदेशात असं कुणी बोलत बसत नाही, नंतर चौकशी लावणं म्हणजे पोलिसांचं खच्चीकरण, "नुसती एअरगन होती" म्हणणारे देशद्रोही, आणि असं कुठं घडताना दिसलं तर लगेच व्हिडिओ काढून व्हायरल करा. संध्याकाळपर्यंत हाच मेसेज आत्याकडून आणि कोरेगावच्या एका मित्राकडून परत आला, म्हणून लिहायला बसलो.

आधी पवईचंच बघू. ३० ऑक्टोबर २०२५ ला ऑडिशनसाठी बोलावलेली १७ पोरं आणि २ मोठी माणसं स्टुडिओत डांबली होती. पोलिस आधी त्या माणसाशी बोलले, ते फिसकटलं, मग बाथरूमच्या बाजूनं आत शिरले आणि मग पोलिसाच्या गोळीनं तो मेला; त्याच्याकडं एअरगन होती. पोरं सगळी सुखरूप बाहेर आली. म्हणजे ज्या घटनेचा दाखला देऊन "बोलू नका, ठोका" चाललंय तिथंच पोलिस आधी बोलले होते! मेसेज लिहिणाऱ्यानं त्या दिवशीची बातमी तरी वाचली का?

आता कायदा. अधिकार आहे हे अर्धं खरं आहे आणि ते मला मान्य करावंच लागतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५ नं स्वतःचाच नाही तर दुसऱ्याचाही जीव वाचवायचा हक्क दिलाय, आणि जीवावरच बेतलं असेल तर कलम ३८ प्रमाणे समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो हक्क जातो. अटक करताना माणूस ठार करता येत नाही असा जो नियम आहे तो फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसलेल्यांसाठी, आणि पळवून डांबून ठेवायचं, मारायची धमकी देऊन मागणी करायची, याला कलम १४०(२) मध्ये फाशी किंवा जन्मठेपच आहे. पण लगेच कलम ३७ येतं, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. ज्यानं हत्यार टाकलं, जो हात वर करून बाहेर आला, त्याला गोळी घालणं बचावात बसत नाही. "दिसताक्षणी" हा शब्द कुठल्याच कलमात नाहीये.

पण मला खरा राग आलाय तो "बोलणी म्हणजे भेकडपणा" या वाक्याचा. तात्यांनी हे फॉरवर्ड करावं?

मी सहावी-सातवीत असेन. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात एक माणूस दारू पिऊन, कर्जाच्या टेन्शनमध्ये, बायकोला आणि पाच वर्षांच्या पोरीला खोलीत कोंडून कोयता घेऊन बसला होता. तात्या आणि एक फौजदार गेले, दार फोडायची तयारी झाली होती, पण आतून पोरीचं रडणं अगदी दाराशीच ऐकू येत होतं म्हणून तात्या म्हणाले थांबा. आणि उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले. आल्याचा दर काय लागला, बैल कितीला घेतला, भाऊबंदकीत कुणी फसवलं, असलं बोलणं रात्रभर. दोनच्या सुमाराला तो चहा मागायला लागला, दाराखालच्या फटीतून कप जाईना म्हणून तात्यांनी ताटलीत चहा ओतून ताटली आत सरकवली. पहाटे त्यानं आधी पोरीला बाहेर सोडलं, मग बायकोला, मग कोयता टाकला. ती पोरगी आज सासरी नांदतेय. हा भेकडपणा होता का, तात्या?

आणि परदेशाचं. १९७२ ला जर्मनीतल्या म्युनिकमध्ये विमानतळावर गोळीबार करून ओलीस सोडवायचा प्रयत्न झाला, अतिरेकी आठ आणि पोलिसांचे नेमबाज पाच, तिथं नेलेले नऊच्या नऊ ओलीस मेले, एक पोलिसही गेला. त्यानंतरच जगभर पोलिसांनी यावर डोकं लावायला सुरुवात केली, न्यूयॉर्क पोलिसांनी १९७३ मध्ये बोलणी करणारं खास पथक उभं केलं. तेव्हा परदेशात बोलत नाहीत ही शुद्ध थाप आहे.

आता चौकशीनं होणारं म्हणे खच्चीकरण. १९९५ ते ९७ मध्ये मुंबईत ९९ एन्काउंटरमध्ये सुमारे १३५ माणसं मेली, त्यावरून पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेची केस सुप्रीम कोर्टात गेली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये कोर्टानं १६ नियम घालून दिले: पोलिसांच्या गोळीनं माणूस मेला की एफआयआर, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडून तपास, मॅजिस्ट्रेट चौकशी, आणि लगेच प्रमोशन किंवा शौर्याचं बक्षीस नाही. हे कुणा एनजीओचं खूळ नाही, देशाचा कायदा आहे. ज्यानं नीट काम केलंय त्याला याच चौकशीतून क्लीन चिट मिळते. आणि चौकशी नको म्हणणाऱ्यांनी शेजारची सांगली आठवावी, २०१७ ला कोठडीतला तरुण "पळून गेला" असं पोलिसांनी सांगितलं, मग निघालं की तो कोठडीतच मेला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, त्यात पोलिसांनाच अटक झाली. चौकशी नसती तर तो आजही "फरार" असता.

एअरगनचं एवढंच, ती एअरगन आहे हे बाहेरून कळत नाही, त्या क्षणी पोलिसाला जीवाची भीती वाटणं रास्त होतं का ते कायदा बघतो. इथं मी पोलिसांच्या बाजूनं आहे. पण प्रश्न विचारणारा देशद्रोही कसा झाला?

आणि व्हायरल करा म्हणणाऱ्यांनो, २०१० ला मनिलात ओलीस धरणारा बसमधल्या टीव्हीवर बाहेरची सगळी हालचाल लाईव्ह बघत होता, स्वतःच्या भावाला पोलिसांनी धरलेलं त्यानं बघितलं आणि बिथरला, हाँगकाँगचे ८ पर्यटक मेले. आणि गर्दी जमली की काय होतं तेही बघा, २०२० ला उत्तर प्रदेशात फर्रुखाबादला पोरीच्या वाढदिवसाला बोलावून वीसेक पोरं डांबणाऱ्याला पोलिसांनी मारलं, पोरं वाचली, पण जमलेल्या गर्दीनं त्याच्या बायकोला एवढं मारलं की ती मेली.

काल रात्री जेवताना तात्यांना विचारलं, त्या गावात पोचल्यावर सगळ्यात आधी काय केलं होतं तुम्ही? म्हणाले, "गर्दी हटवली. पोलीस पाटलाला सांगून सगळ्यांना पार चावडीपर्यंत मागं नेलं. तवा मोबाईल नव्हते म्हणून बरं."