तुमच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर : रंग आमचा चुकला, बेड नाही

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज सकाळी आमचे रंगारी आणि सुतार या दोघांना समोर बसवून पुन्हा वाचला. कमी खर्चात बाळाची खोली मोठ्या मुलाची करून देतो असं सांगून आम्ही जुन्याच वस्तू रंगवून दिल्या, त्या रंगाचे तीन आठवड्यांत पापुद्रे निघाले, बाळाच्या जाळीवाल्या जुन्या कॉटचा बेड करून मागितला तर नवीन बेड गळ्यात मारला आणि वर कपाट भिंतीला पक्कं करण्याचे पैसे वेगळे लावले, असं तुम्ही लिहिलंय.

रंगाचं आधी बोलतो, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची आहे. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. डायपर बदलायच्या टेबलाच्या दुसऱ्या खणाच्या मुठीभोवती नखाएवढे पापुद्रे सुटलेत आणि त्यांच्याखाली मूळचं पांढरं लॅमिनेट तसंच चकाकतंय. ते चकाकायलाच नको होतं. लॅमिनेट रंग शोषत नाही. आधी 180 किंवा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्याची चमक मारावी लागते, धूळ पुसून काढावी लागते, मग पकड देणारा प्रायमर आणि तो नीट सुकला की रंगाचे दोन पातळ हात. त्या टेबलाची वरची फळी आमच्या माणसाने व्यवस्थित घासली, पण खणांची तोंडं नुसती पुसून त्यावर प्रायमर मारला. काम ताब्यात देताना मी स्वतः तिथे होतो आणि मीही ते तपासलं नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. पाण्याचा एनॅमल, म्हणजे खणांना लावलेला पाण्यात कालवायचा रंग, तासा-दोन तासांत हाताला सुकतो, पण पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस खण हळू हाताळायचे, त्यावर स्टिकर लावायचे नाहीत, ओल्या फडक्याने खसाखसा पुसायचं नाही. शनिवारी माणूस येऊन चारही खण घेऊन जाईल. रंग खरवडून पहिल्यापासून करून देऊ आणि त्याचे पैसे घेणार नाही. तोपर्यंत सुटलेल्या जागांवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवा. मुलं असे पापुद्रे नखाने काढत बसतात आणि मग ते तोंडात जातात.

कॉटबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. एक बाजू काढली की झाला बेड, असे व्हिडिओ मीही पाहिलेत. ज्या कॉटबरोबर कंपनीच बेड करण्याचे सुटे भाग देते, तिथे ते जमतं. तुमचा कॉट तसा नव्हता. त्यात बाजूची जाळीच सगळा सांगाडा ताठ धरून ठेवते. ती काढल्यावर आमच्या सुताराने कोपऱ्याला हात लावला तर तो डोलत होता. डोक्याकडची आणि पायाकडची फळी पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली आहे. त्यात एकदा बसलेला स्क्रू काढून परत बसवला की भोक सैल होतं, आणि चार वर्षांचा मुलगा बेडवर नुसता झोपत नाही, उड्याही मारतो. शिवाय कॉटची गादी साधारण 52 बाय 28 इंचाची असते. दोन वर्षांत तुम्हाला बेड घ्यावाच लागला असता, म्हणजे एकाच कामाला दोनदा खर्च.

म्हणूनच तुमच्या बजेटमधला सगळ्यात मोठा हिस्सा मी 72 बाय 36 च्या ठेंगण्या बेडवर आणि घट्ट गादीवर लावला. बाकी सगळं जुन्यातून काढलं ते याच हिशेबाने. मूल रात्रभर जिथे झोपतं तिथे काटकसर करायची नाही, ती पडद्यात करावी, भिंतीत करावी. दूध पाजायची खुर्ची गोष्टी वाचायला कोपऱ्यात ठेवली. कॉटची लाकडी जाळी आडवी करून मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर भिंतीवर बसवली आणि तिला दप्तरासाठी खुंट्या लावल्या. ही जाळी तुम्हाला ‘जुनी वस्तू’ वाटली याचं मला वाईट वाटलं, कारण त्या खोलीतलं मला सगळ्यात आवडलेलं काम तेच आहे. पण पैसे कुठे जाणार आणि का, हे मी कामाआधी कागदावर मांडून दाखवायला हवं होतं. तोंडी सांगून भागवलं, ते चुकलं.

आता कपाटाचं. मोजमाप घ्यायला आलो होतो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आम्ही बोलत असताना तुमच्या मुलाने कपाटाचा खालचा खण ओढला, त्यावर पाय ठेवला आणि वरच्या खणाला हात घातला. कपाटाचे मागचे पाय जमिनीवरून बोटभर उचलले गेले. सुताराने धरलं म्हणून निभावलं. भरलेले खण एकदम बाहेर आले की सगळं वजन पुढे येतं, त्यात मुलाचं वजन मिळालं की कपाट अंगावर यायला क्षणही लागत नाही. त्यामुळे वरच्या बाजूला दोन क्लँप लावून, भिंतीत प्लग ठोकून ते पक्कं केलं. कॉटमधून मूल स्वतः उतरू लागलं की खोली रात्रीसुद्धा त्याच्या ताब्यात असते आणि तेव्हा आपण झोपलेले असतो. हे काम पर्यायी नाही, मग ते बिलात वेगळं दाखवायलाच नको होतं. ती रक्कम आज परत पाठवली आहे. क्लँप मात्र काढू नका, भिंतीला भोकं दिसली तरी चालतील.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मुलगा म्हणतो, ही अजून बाळाचीच खोली आहे.’ सगळ्यात जास्त हेच लागलं. खर्च वाचवायला आम्ही ढगांची फिकट भिंत तशीच ठेवली आणि तुम्हाला विचारलं, पण ज्याची खोली त्याला विचारलंच नाही. बेडसमोरची दहा फुटांची भिंत खालून चार फुटांपर्यंत रंगवायची तर एक लिटर रंग दोन हातांना पुरून उरतो. रंगाचा डबा तुमचा, मजुरी आमची. शनिवारी माणूस येईल त्याच्याजवळ रंगांचं कार्ड असेल. ते थेट मुलाच्या हातात द्या आणि तो बोट ठेवेल तो नंबर मला कळवा. काळा असला तरी कळवा.