संयुक्त पेटंट घेतलं की निम्मी रॉयल्टी आपोआप मिळते? अजिबात नाही

‘कंपनीबरोबर संयुक्त पेटंट घ्या, निम्मी रॉयल्टी आपोआप कॉलेजची’ असा पाच मुद्द्यांचा मेसेज इंजिनिअरिंग कॉलेजांच्या ग्रुपवर फिरतोय. काल तो माझ्या भाचीला तिच्या गाइडनीच पाठवला, खाली ‘याप्रमाणे करार करून टाकू’ असं लिहून. सह्या व्हायच्या आत हे वाचलं जावं म्हणून लगेच लिहितोय.

सगळ्यात घातक मुद्दा रॉयल्टीचा. पेटंट कायदा १९७०, कलम ५० उघडा. वेगळा करार नसेल तर सहमालकांचा हिस्सा समान, इथवर मेसेज बरोबर आहे. पण पुढचं कुणी वाचलेलंच दिसत नाही. प्रत्येक सहमालक ते पेटंट स्वतःच्या फायद्यासाठी वापरू शकतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. परवाना द्यायचा किंवा आपला हिस्सा विकायचा असेल, तर मात्र दुसऱ्याची संमती लागते.

समजा, इचलकरंजीच्या यंत्रमागांसाठी कॉलेजने बाण्याचा धागा तुटताच माग थांबवणारा स्वस्त सेन्सर बनवला आणि कंपनीसोबत पेटंट घेतलं. कंपनीकडे कारखाना आहे. तिने दहा हजार सेन्सर विकले आणि कॉलेजला एक रुपया दिला नाही, तरी कायदा मोडत नाही. कॉलेजकडे कारखाना नाही, त्याची कमाई परवान्यातूनच होणार. आणि दुसऱ्या उत्पादकाला परवाना द्यायला संमती हवी ती त्याच कंपनीची. आपलाच स्पर्धक उभा करायला ती कशाला हो म्हणेल?

यावर सरळ मार्ग म्हणजे पेटंट एकट्या कॉलेजच्या नावावर ठेवून कंपनीला परवाना देणं. संयुक्तच घ्यायचं असेल तर करारात इतकं तरी हवं: रॉयल्टी कशावर मोजायची (जीएसटी वगळून बिलाची रक्कम की नफा, नफा कधीच धरू नका, तो कागदावर शून्य करता येतो), तिमाही विक्रीचा तक्ता किती तारखेपर्यंत द्यायचा, वह्या तपासायचा हक्क, विक्री झाली नाही तरी द्यायची वार्षिक किमान रक्कम, आणि ठरल्या मुदतीत उत्पादन सुरू झालं नाही तर इतरांना परवाना द्यायला आधीच दिलेली लेखी संमती. ‘रॉयल्टी परस्पर संमतीने ठरवू’ एवढंच लिहिलेला एमओयू (सामंजस्य करार) या कामाचा नाही.

मेसेजचा दुसरा मुद्दा: ‘आधी पेपर (शोधनिबंध) छापा, वर्षभरात पेटंट टाका.’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती ठराविक प्रसंगांपुरती: सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेला निबंध. कुठल्याही ऑनलाइन जर्नलला ती लागू होईल असं गृहीत धरू नका. युरोपात तर स्वतःहून छापलेल्या पेपरला अशी सवलतच नाही, तिथलं पेटंट त्याच दिवशी हातचं जातं. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, मग पेपर. त्या अर्जापासून १२ महिन्यांत पूर्ण तपशील.

तिसरा: ‘जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं म्हणजे पेटंट मिळालं.’ इथे जर्नल म्हणजे पेटंट कार्यालयाचं. साफ चूक. १८ महिन्यांनी अर्ज आपसूक प्रसिद्ध होतो, फॉर्म ९ भरला तर लवकर. तपासणीसाठी फॉर्म १८ भरावाच लागतो, आताच्या नियमानुसार ३१ महिन्यांत. नाही भरला तर अर्ज मागे घेतला असं धरतात.

चौथा: ‘शिक्षणसंस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत.’ खरं आहे, २०२१ पासून. ऑनलाइन अर्जाला ८,००० ऐवजी १,६०० रुपये. पण मोठी कंपनी सहअर्जदार असेल तर पूर्ण फी लागते, हे मेसेजमध्ये नाही.

शेवटचा दावा: ‘सरकारी निधीतलं संशोधन आपोआप कॉलेजचं.’ तसं ठरवणारं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. मालकी ठरते ती निधीच्या अटी, नोकरीचा करार आणि संशोधकाने लिहून दिलेलं हस्तांतरण यांवरून. विद्यार्थी कॉलेजचा नोकर नसतो. त्याचा हक्क कॉलेजकडे यायला त्याच्या सहीचा वेगळा कागद लागतो, आणि हक्क लिहून दिला तरी फॉर्म १ मध्ये (पेटंटच्या मूळ अर्जात) संशोधक म्हणून त्याचं नाव राहिलंच पाहिजे. भाचीने सही करण्याआधी फॉर्म १ ची प्रत मागून घ्यावी.