सुदानला मदत हवीच, पण ती पोचू द्या

सुदानला जाहीर झालेल्या मदतीवरचा एक लेख वाचला. त्यात मदतीचे आकडे आहेत, पण ती अडते कुठे हे आलेलं नाही. एप्रिल २०२३ पासून लष्करप्रमुख बुरहान यांचं सैन्य आणि हेमेदती या सेनानीचं आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांशी लढताहेत, आणि अन्नाची कोंडी दोघांनीही केली. शेजारच्या चाडमधून पश्चिम सुदानातल्या दारफुरला जाणारा, आद्रे या सीमेवरच्या गावाचा रस्ता लष्कराच्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला, तो उघडला थेट ऑगस्टमध्ये. त्याच महिन्यात दारफुरमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं जाहीर झालं! दारफुरमधल्या अल फाशर शहराला आरएसएफने वर्षाहून जास्त काळ वेढा घातला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर आरएसएफच्या हाती पडलं, त्याआधी माणसं जनावरांची पेंड खाऊन जगत होती.

अशा काळात लोकांना जगवलं ते गल्लोगल्लीच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या सामुदायिक स्वयंपाकघरांनी. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने निधी रोखला आणि त्यातली शेकडो बंद पडली. मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो. मोठ्या परिषदांमधल्या घोषणांपेक्षा या तरुणांच्या हातात थेट पैसे द्या, त्यांना गल्लीतलं कोणतं घर उपाशी आहे हे माहीत असतं. आणि आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर आहे. ती तो नाकारते, तरी देणगीदार देशांनी तिला उघडपणे जाब विचारलाच पाहिजे.